बोलता येईल इतकंच पळ

“माझे बूट कोनं घातले?”

अंगणातून ओमेशचा आवाज आला आणि चुलीपुढे बसलेल्या दुर्गेश्वरीचा हात तव्यावरच थांबला. तेवीस वर्षांचा पोरगा, आठवड्यातून दोनदा गोंदियाला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घेणारा, चार शब्द बोलला तरी धापणारा... आणि आज त्याच्या आवाजाला एवढी धार! पदर सावरत ती बाहेर आली. ओसरीच्या पायरीवर तो उभा होता. हातात त्याचे निळे बूट होते. याच बुटांनी दोन वर्षांपूर्वी पोलीस भरतीचं मैदान मारायचं होतं. आता त्यांच्या तळांना नहराकाठचा ओला चिखल लागला होता.

“मी घातले,” ती म्हणाली.

“तू?” तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. “काऊन वो मावशी? मी मेलो का? माझ्यानं पळनं होत नाही म्हनून माझेच बूट घालून मले दाखवून राहिली का?”

“नाही रे बाबू... तसं नाही...”

“मंग कसं?” हे खाटेवरून, सासूबाईंकडून आलं. पुष्पाबाईंचे डोळे अधू झाले होते, पण जीभ चांगली शाबूत होती. “शेजारच्या सुमित्राबाईनं कालच इचारलं मले, तुमची सून अंधारातच कुटं पळते म्हनून. मी काय सांगू? पोरगा मरनाच्या दारात, अन् हिले पतली व्हाची पडली! सख्खी माय असती तं असं केलं असतं का? रगतच नाही तं माया कुटून येईन!”

ओमेशनं बूट उकिरड्यावर भिरकावले. तेवढ्यानंही त्याला दम लागला, भिंतीला धरून तो तसाच आत गेला. दुर्गेश्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं. केवळराम धानाच्या पोत्याचं तोंड शिवत बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं! पण सुतळी ओढून ओढून त्याची बोटं लाल झाली, तरी त्यानं मान वर केली नाही. त्यालाच का दोष द्यायचा? खळ्यातल्या धानाच्या राशीवर हात ठेवायला लावून तिनंच त्याला शपथ घातली होती.

मुर्री गावच्या या घरात ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि ती नवरी म्हणून आलीच नव्हती. आजारी बहिणीची सेवा करायला आली होती. शकुंतला गेली, मागे चार वर्षांचा ओमेश राहिला, आणि महिनाभरात दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं की परकी आणण्यापेक्षा मावशीच बरी. दुर्गेश्वरीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं हो म्हटलं असतं, कारण तिचं बोट धरून ते लेकरू रोज रात्री झोपत होतं... पुढं तिच्या पोटी मूल झालं नाही. ओमेश तिला मावशी म्हणायचा, अजूनही मावशीच म्हणतो, आणि दहा-बारा वर्षांचा झाल्यापासून तर ती मावशीही दातओठ खाऊनच निघते.

आणि हे अंग? तेही या घरानंच दिलेलं. घरची रीत अशी की सून सगळ्यांच्या मागून जेवणार, आणि उरलेलं संपवून उठणार. धानकऱ्याच्या घरी भाताचं शीत फेकणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं! गंजात, म्हणजे पातेल्यात, उरलेला भात, पोरानं टाकलेली अर्धी पोळी, केवळरामच्या ताटातलं वरण, सगळं तिच्या पोटात जायचं. ती जेवायची कमी, उरलेलं संपवायची जास्त. एकोणीस वर्षांत या उष्ट्याचे शहाऐंशी किलो झाले, आणि त्यावरून टोमणे मारायला तीच माणसं मोकळी!

ओमेशच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, तेव्हा आधी केवळरामची तपासणी झाली. पंधरा दिवस घरात आशेचं वारं होतं, पोरगा हसून बोलू लागला होता. मग केवळरामला साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. ओमेश तीन दिवस जेवला नाही, यंत्रावर जायलाही तयार होईना. “आता मले कोनी आशा दाखवू नका,” असं त्यानं भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं. म्हणूनच दुर्गेश्वरी नवऱ्याला घेऊन गुपचूप नागपूरला गेली. रक्तगट जुळला! तिला वाटलं, झालं, देवानं ऐकलं. पण डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे बोट दाखवलं.

“ताई, या वजनावर भूल देणं धोक्याचं. आणि पुढे एका किडनीवर तुमचाच जीव टांगणीला लागेल. पंच्याहत्तरच्या खाली या, मग बघू. शिवाय तुम्ही सख्ख्या आई नाही, म्हणजे समितीपुढे उभं राहून नातं दाखवावं लागेल.”

“किती दिसात खाली येऊ?”

“सहा-सात महिने. घाई नाही! आधी तीन आठवडे नुसतं चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही दिवसाआड. पळताना तोंडातून अख्खं वाक्य निघालं पाहिजे. नाही निघालं, तर तुम्ही जास्त जोरात पळताय. आपल्या मापाचे बूट घ्या. मोजकं खा, पण उपाशी राहू नका. आणि मला विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही. दुखण्याची तर मुळीच नाही!”

दुर्गेश्वरीनं मान हलवली होती. पहिले पाच आठवडे तिनं सगळं ऐकलंही. बूट तेवढे घेतले नाहीत. मुर्रीच्या चौकात बायामाणसानं पळायचे बूट मागितले असते, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. ओमेशचे बूट ट्रंकेमागे पडून होते. तिला दोन बोटं मोठे, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या आणि निघाली. अंधार असेपर्यंत नहराच्या पाळीवर, कालव्याच्या त्या बांधावर, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि मांड्या घासून लाल झाल्या तरी चेहऱ्यावर काही न दाखवता चहा टाकायला घरी यायचं.

पण मग ती रात्र आली. यंत्रावरून आल्यावर ओमेशला थंडी वाजून ताप भरला, गळ्याजवळची नळी पिकली, आणि डॉक्टरांनी केवळरामला बाजूला घेऊन सांगितलं की असं वारंवार झालं तर फार वेळ हाती नाही. त्या रात्री उशाशी बसलेल्या दुर्गेश्वरीला ते एक मिनिट आणि दोन मिनिटं आठवली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरगा इथं तडफडतो आहे आणि आपण मिनिटं मोजत चालतो आहोत! तिनं तिथंच शेजारच्या नागरा गावच्या महादेवाला हात जोडले. पाच सोमवार, निर्जळी, न थांबता पळत येईन... माझा जीव जळाला तर जळू दे, पण माझ्या लेकराला वाचव!

हीच तिची चूक झाली. आपल्याकडच्या बाईला सांगा की सोसू नको, तर तिला वाटतं, मग केलं तरी काय? जे दुखत नाही ते देवापर्यंत पोचतच नाही, असंच ती लहानपणापासून शिकलेली. पहिल्या सोमवारी तिचा उजवा गुडघा करकरला. दुसऱ्या सोमवारी सुजला. मग तिनं चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणली आणि सकाळ-संध्याकाळ, उपाशी पोटी, प्रसादासारख्या गिळल्या. काटा भराभर खाली येत होता. शहाऐंशीचे एकोणऐंशी झाले! मंदिराच्या पायरीशी ती पोचायची तेव्हा तिला एक शब्द बोलता यायचा नाही, नुसता घशातून घर्र आवाज यायचा. महादेवापुढे ती मुक्यानंच हात जोडायची. चौथा सोमवार झाला, आणि मंगळवारी सकाळी ओमेशला चिखलाचे बूट सापडले.

गुरुवारी नागपूरची तारीख होती. काट्यावर चढताना ती मनातून फुलली होती. डॉक्टरीणबाईंनी मात्र वजनाकडे पाहिलंच नाही, त्या रक्ताचा कागद दोनदा वाचत राहिल्या.

“ताई, कोणत्या गोळ्या घेताय?”

दुर्गेश्वरीनं पिशवीतून पाकीट काढून पुढं ठेवलं. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

“जी किडनी मुलाला द्यायची, तिच्यावरच तुम्ही घाव घालत होतात!” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “मागच्या वेळी तुमचं रक्त अगदी ठीक होतं. आता बघा. उपास, पाणी बंद, वर या गोळ्या... हे व्रत नाहीये ताई! महिनाभर पळणं बंद, गोळ्या बंद. महिन्यानं परत रक्त तपासू. तेव्हा ठीक आलं नाही, तर तुमची फाईल मला मिटवावी लागेल.”

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. डोळ्यांतून पाणी येईना. आपल्याच हातानं... आपल्याच हातानं आपण लेकराचं औषध नासवलं! भंडारा गेलं, तिरोडा गेलं. केवळरामनं एकदा पाण्याची बाटली पुढं केली, तिनं नको म्हटलं. मग त्यानं झाकण उघडून ती तिच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, “पी. डॉक्टरनं सांगतलं ना.”

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळ्यांची जेवणं झाली. पुष्पाबाईंनी रोजच्यासारखा भाताचा गंज आणि ओमेशचं अर्धं टाकलेलं ताट तिच्यापुढं सरकवलं. दुर्गेश्वरीनं ते हातानं हळूच बाजूला केलं.

“काऊन? आमचं उष्टं आता चालत नाही का तुले?” पुष्पाबाई कडाडल्या. “दोन-दोन दिस नागपूरले फिराले जाते, नवऱ्याले संगं नेते, अन् अन्नाले लाथ मारते? अवदसा कुटची! माझी शकुंतला खाऊन बसली, आता नातवाले...”

“राहू दे आजी,” दारातून ओमेश म्हणाला. “मावशीले सांगू नोको. तिची फिगर बिघडन.”

आणि तेव्हा, जन्मात कधी आईपुढं आवाज न चढवलेला केवळराम उभा राहिला. त्याच्या हातातला तांब्या खाली पडून लोळत गेला.

“बस कर माय! बस कर!” तो ओरडला. “मी धानावर हात ठेवून शपथ घेतली व्हती. लागू दे मले पाप! ती पतली व्हाले नाही पळून राहिली. ओमेशले किडनी द्याले पळून राहिली ती! वजन जास्त हाये म्हनून डॉक्टरनं नाही म्हटलं, म्हनून पळली. पाय सुजले तं गोळ्या खाऊन पळली. अन् त्या गोळ्यायनं तिचंच रगत बिघडलं, आता तेही जमन का नाही, देव जाने! अन् तुमी... अन् मी... मी भडवा मुकाट्यानं पोते शिवत बसलो!”

पुष्पाबाईंचा हात गंजावरच राहिला होता. ओमेश हळूहळू आत आला, दुर्गेश्वरीसमोर उकिडवा बसला आणि तिनं मना करायच्या आत त्यानं तिच्या गुडघ्यावरचं लुगडं बाजूला सारलं. गुडघा वांग्यासारखा सुजून चमकत होता. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

“मले नाही पाहिजे,” तो म्हणाला. “तुझी किडनी मले नाही पाहिजे. ऐकलं ना?” आणि तो उठून गेला.

त्या रात्री घरात कोणी झोपलं नसावं. सकाळी दुर्गेश्वरी ओसरीवर आली, तर ओमेश जमिनीवर जुना पेपर पसरून बसला होता, हातात सुताराची पेन्सिल.

“पाय ठेव यावर.”

“कायले?”

“ठेव म्हटलं ना.” त्यानं तिचं पाऊल कागदावर नीट टेकवलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. बोटांपाशी येताना त्याचा हात हलका झाला, काळ्या नखांना लागू नये म्हणून. “किडनीचं सोड. मी हो म्हटलं नाही. पन असं पळशीन तं माझ्याआधी तूच जाशीन. दोन नंबर मोठे बूट घालून कोनी पळते का? पाय आत सरकते, नख मरते, गुडघ्यावर सारा भार येते. भरतीच्या मैदानावर पहिल्याच दिशी सांगते हे. मले इचारलं असतं...” बोलता बोलता तो थांबला. त्याला विचारण्यासारखं घरात कधी काही ठेवलंच नव्हतं, ना तिनं, ना त्यानं. दुपारी तो कागद खिशात घालून गोंदियाला गेला आणि तिच्या मापाचे, काळे, साधे बूट घेऊन आला.

महिनाभर पळणं बंद होतं. पुष्पाबाईंनी माफी मागितली नाही. त्या पिढीला ती मागता येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तांदूळ स्वतः मोजायला सुरुवात केली. रोजच्या मापातून दोन मुठी परत कोठीत टाकायच्या. “उरालेच नाही पाहिजे,” असं स्वतःशीच पुटपुटायच्या. तरी उरलंच, तर काठी टेकत टेकत स्वतः जाऊन गाईच्या टोपल्यात टाकायच्या. एकदा त्यांनी नातवाला हळूच विचारलं, “एकीचं काढून दुसऱ्यात लावलं तं जगते का रे बाबू ते?”

“जगते आजी. धानाचे परे उपटून बांधीत लावतो, तसंच.”

“म्हंजे रोवनीच ना,” पुष्पाबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ दुर्गेश्वरीच्या बाजेकडे बघत बसल्या.

महिन्यानं रक्ताचा कागद आला. ठीक होतं! नीटनेटकं, पहिल्यासारखं ठीक. केवळरामनं दवाखान्याच्या पायरीवर बसून तोंडावर रुमाल धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नहराच्या पाळीवर दोघं होती, ती नव्या बुटांत आणि ओमेश स्कूटीवर, तोंडाला फडकं बांधून, हळूहळू तिच्या बाजूनं गाडी चालवत.

“बोलता येईन इतकंच पळ,” त्यानं बजावलं. “चाल... आता पळ. बोल काही.”

“काय बोलू?”

“काही बी. आज भाजी काय करशीन?”

“पोपटाच्या... शेंगा... हायेत...”

“तुटून राहिलं वाक्य. हळू कर. आनखी हळू. लाज नोको वाटू देऊ, म्हशीसारखी पळली तरी चालते.”

असे भाजीचे आठवडे गेले. एकोणीस वर्षं एका छपराखाली राहून जी माणसं एकमेकांशी मीठ दे, पाणी दे यापलीकडे बोलली नव्हती, त्यांना आता दिवसाआड अर्धा तास बोलावंच लागत होतं, कारण त्याशिवाय वेग कळत नव्हता. भाजी संपली, मग गावातल्या भानगडी संपल्या, लग्नं-बारशी संपली. एक मिनिटाची दोन झाली, दोनाची पाच झाली. काटा हळूहळू उतरत होता, शेंगदाणे मोजून खाणाऱ्या माणसासारखा. मधेच ओमेशला पुन्हा ताप आला, पुन्हा नळी बदलली, चार दिवस तो दवाखान्यात राहिला. तिच्या पायांनी पुन्हा उचल खाल्ली की आज दुप्पट पळू, उद्या उपाशी राहू! पण तो दवाखान्याच्या खाटेवरून रोज फोन करायचा. “मावशी, आज किती?” आणि ती खरं तेच सांगायची. ते चार दिवस हळू पळणं तिला निर्जळी सोमवारांपेक्षा कितीतरी जड गेलं.

चैत्रातल्या एका सकाळी त्यानं विचारलं. ती पळत होती, तो बाजूला होता, आणि त्याचं तोंड समोर रस्त्याकडे होतं.

“मले एक सांग. मी पहिलीत गेलो, तेव्हा शाळेच्या दारात मी तुले ‘आई’ म्हनून हाक मारली व्हती. साऱ्या पोरायसमोर. अन् तू म्हटलं, ‘आई नाही, मावशी म्हन.’ काऊन?”

तिचे पाय तसेच पडत राहिले. त्याला ते आठवतं! इतकी वर्षं ते त्याच्या उरात रुतून होतं... आणि आपल्याला वाटलं, लेकरू आहे, विसरलं असेल!

“बोल. बोलता येत नाही का?”

“येते,” ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, पण वाक्य तुटलं नाही. “तुझी माय जाताना शुद्धीवर व्हती. तिनं माझा हात धरला अन् म्हने, दुर्गे, माझं सारं तू घे... घर घे, कुंकू घे, पोरगा घे. पन त्याच्या तोंडात ‘आई’ एवढं मलेच राहू दे. नाही तं मी कुटंच उरनार नाही. मी हो म्हटलं. मरनाऱ्या बहिनीले मी कसं नाही म्हनू? तू हाक मारली ना बाबू, तेव्हा माझा जीव... मी घरी येऊन न्हानीत तोंडात पदर कोंबून रडली. तो शब्द माझा नव्हता. जो माझा नाही, तो कसा घेऊ?”

स्कूटी थांबली होती. दहा पावलं पुढं गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती मागे वळली. ओमेश हँडलवर डोकं टेकून बसला होता आणि त्याचे हडकुळे खांदे हलत होते.

“मले वाटलं, तुले मी नकोच व्हतो,” तो म्हणाला. “सारे दिवस मले हेच वाटत राहिलं.”

ती त्याच्याजवळ गेली आणि कितीतरी वर्षांनी तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्यानं बाहीनं नाक पुसलं, घड्याळाकडे पाहिलं. “पाच मिनिटं झाले. चाल आता,” तो म्हणाला, आणि मग, “नागपूरच्या कागदावर मले कुटं सही करा लागते, ते बाबाले इचारजो.”

वैशाखात काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. समितीपुढं साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “या बाई तुमच्या सावत्र आई. दबाव टाकलेला नाही कशावरून? त्या का देताहेत?” ओमेशनं खिशातून घडी घातलेला पेपर काढून टेबलावर पसरला. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक रुंद पाऊल होतं, आणि आजूबाजूला बारीक आकडे... तारीख, मिनिटं, वजन, पानभर.

“साहेब, ही बाई माझ्यासाठी सहा महिने पळली. तिले कोन ढकलन? मलेच तिले थांबवा लागत व्हतं,” तो म्हणाला.

नागपूरला निघायच्या दिवशी पुष्पाबाईंनी पाटावर पहिलं ताट मांडलं आणि दुर्गेश्वरीचा हात धरून तिला तिथं बसवलं. केवळराम आणि ओमेश बाजूला उभे होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती घरातल्या पुरुषांआधी जेवत होती. “माय, तुमी बसा ना,” ती म्हणाली.

“जेव मुकाट्यानं,” म्हातारी म्हणाली, आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढताना तिनं अर्धं ताटाबाहेरच सांडलं. “माझ्या तोंडानं तुले लय जाळलं, दुर्गे. मी मांगून जेवीन. उरलं तं माझ्या वाटचं.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी आधी तिला आत नेलं, मग त्याला. पाच तास केवळराम व्हरांड्यात उभा होता, बसला नाही. संध्याकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली की मुलाला लघवी व्हायला लागली. त्या साध्यासुध्या बातमीवर पुष्पाबाई दवाखान्याच्या फरशीवर डोकं टेकून रडल्या.

कार्तिक आला. कापणी उरकलेल्या बांध्यांतून नागऱ्याच्या रस्त्यानं दोघं निघाली होती. महादेवाचा पाचवा सोमवार तिच्याकडे बाकी होता. तो पोटभर न्याहारी करून, पाण्याची बाटली घेऊन, चालत फेडायचा असं घरात ठरलं होतं. ओमेशच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलेला मास्क होता आणि पाय अजून नवखे होते. दुर्गेश्वरीच्या पायांना मात्र सवय झालेली. बोलता बोलता ती वीस पावलं पुढं गेली, आणि मागं काहीच ऐकू येईना म्हणून तिनं न वळताच हाक दिली.

“दम लागला का रे? बोल काही. बोलता येत नसन तं थांबू.”

“काय बोलू?”

“काही बी.”

क्षणभर मागून फक्त त्याच्या बुटांचा आवाज आला.

“आई,” तो म्हणाला, “थोडी हळू चाल ना. मी मांगं राहून राहिलो.”

दुर्गेश्वरी थांबली. मावशी म्हन... एकोणीस वर्षांची सवय ओठांवर आली. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. छाती शांत होती, पायांत अजून कोसभर बळ होतं, दम लागला नव्हता, तरी तिला एक शब्द बोलता येईना. तिनं वर पाहिलं, जणू कोणाची परवानगी मागत होती. मग डोळे पुसून, तो शेजारी येईपर्यंत, ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.